फ्रेंच सामासिक नामे : आधी जोडा, मग तोडा

नागपुरात फ्रेंच शिकण्याची कारणे आता केवळ बारावीच्या गुणांपुरती राहिलेली नाहीत. शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी उभ्या राहिलेल्या ऑरेंज सिटी वॉटरमध्ये व्हिओलिया या फ्रेंच कंपनीचा सहभाग होता, मेट्रोच्या उभारणीसाठी फ्रान्सच्या विकास वित्तसंस्थेने कर्ज दिले आणि मिहानमध्ये विमानाचे भाग बनवणारा दासो कंपनीच्या भागीदारीतला कारखाना उभा राहिला. या शेवटच्या कंपनीचे नाव आपली वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे ‘डसॉल्ट’ असे छापत आली आहेत. लिहिलेले प्रत्येक अक्षर उच्चारायचेच, ही आपली लिपीमुळे पक्की झालेली सवय त्यामागे आहे, आणि हीच सवय फ्रेंच सामासिक नामे वाचताना सर्वांत जास्त नडते.

सुटे शब्द बरे वाचणारा विद्यार्थीसुद्धा सामासिक शब्द आला की अडखळतो, कारण दोन पदांच्या मधली संयोगचिन्हाची आडवी रेघ त्याला थांबण्याची खूण वाटते. इंद्रधनुष्याला फ्रेंचमध्ये तीन पदांचा, दोन आडव्या रेघांचा शब्द आहे. तो ‘आर्क्, ऑँ, स्येल्’ असा तीन ठिकाणी श्वास घेत वाचला जातो, तर फ्रेंच माणूस तो ‘आर्-कॉँ-स्येल्’ असा सलग म्हणतो. दोन्हीकडे उच्चाराचे तुकडे तीनच आहेत, पण पहिल्या पदातला क् दुसऱ्या पदाच्या स्वराला जाऊन मिळाला आहे, आणि नेमके तेच वर्गातल्या वाचनात हरवते. म्हणून या लेखातली सगळी पद्धत एका क्रमावर उभी आहे : सामासिक नाम आधी कानाने एकसंध जोडून घ्यावे आणि मगच त्याचे अवयव पाडावेत. अवयव म्हणजे एका स्वराभोवती एका झटक्यात उच्चारला जाणारा ध्वनिगट, ज्याला वर्गात सगळे सरसकट सिलॅबल म्हणतात.

पुढचे उच्चार देवनागरीत देताना काही संकेत पाळले आहेत. पाय मोडलेल्या व्यंजनापुढे स्वर नाही. पाय न मोडलेल्या अक्षरात अ आहे, पण तो मराठी अ नव्हे. तो ओठ गोल करून उच्चारायचा आहे. बारकाईने पाहिले तर या एका चिन्हाखाली फ्रेंचचे दोन-तीन वेगळे स्वर येतात, परंतु अवयव मोजण्यासाठी एवढा भेद पुरेसा आहे. ‘यू’ हा जोडस्वर नाही. जीभ ई म्हणण्याच्या जागी ठेवून ओठ मात्र ऊसारखे पुढे काढले की तो एकसंध स्वर निघतो. चंद्रबिंदू ही नासिक्य स्वराची खूण आहे आणि तिच्याविषयी पुढे थोडे सविस्तर लिहिले आहे. त आणि द मराठीप्रमाणेच दंत्य आहेत, त्यामुळे इंग्रजीच्या वळणाने तिथे ट आणि ड आणण्याचे काहीच कारण नाही. या एका बाबतीत मराठी माणूस इंग्रजी माणसापेक्षा पुढे आहे आणि त्याने आपला हा फायदा उगाच सोडू नये.

पहिले काम : पदाच्या शेपटाकडे पाहणे

सामासिक नाम समोर आले की प्रत्येक पदाचे शेवटचे व्यंजन बोलते की मुके राहते, हे आधी ठरवावे लागते. सुट्या शब्दाचा उच्चार इथे नेहमी मदतीला येतोच असे नाही, आणि खरी अडचण तीच आहे. भांडे या अर्थाचा ‘पो’ हा शब्द घ्या. त्याच्या शेवटचा टी एकट्या शब्दात मुका आहे. मांस आणि भाज्या मंद आचेवर शिजवून केलेल्या प्रसिद्ध पदार्थाच्या नावात मात्र त्याच्यापुढे स्वर आल्याबरोबर तो जागा होतो आणि शब्द ‘पॉ-तो-फ’ असा तीन अवयवांचा बनतो. पण त्याच भांड्यापासून तयार झालेल्या, लाच या अर्थाच्या शब्दात मागून व्यंजन येते, त्यामुळे टी मुकाच राहतो आणि उच्चार ‘पोद्-वॅँ’ असा दोनच अवयवांत संपतो.

साळिंदराचे फ्रेंच नाव याहून बोलके आहे. डुक्कर या अर्थाचा ‘पॉर्’ हा शब्द एकटा असताना त्याचा सी ऐकू येत नाही, पण साळिंदराच्या नावात तो क् म्हणून परततो आणि ‘पॉर्-के-पीक्’ असा शब्द होतो. उलट बाजूचे उदाहरण ‘शेफ्’ या शब्दाचे आहे. त्यातला एफ एकट्याने असताना स्पष्ट ऐकू येतो, जिल्ह्याचे मुख्य ठिकाण या अर्थाच्या ‘शेफ्-ल्य’ या सामासिक नामातही ऐकू येतो, मात्र उत्कृष्ट कलाकृती या अर्थाच्या ‘शे-दव्र्’मध्ये तो साफ गळतो. यासाठी एकच एक नियम शोधत बसण्यात वेळ जातो. हे शब्द जुने आहेत, ते एकसंध होऊन पिढ्यान्‌पिढ्या बोलले गेले आहेत, आणि ते शब्दकोशातून पाठ करणे हाच जवळचा रस्ता आहे. बरे, अशा शब्दांची संख्याही फार मोठी नाही.

विशेषण पहिले आणि नाम दुसरे असेल तर काम सोपे होते. ‘ग्रॉँ’ म्हणजे मोठा. त्याच्या शेवटचा डी आजीसाठीच्या ‘ग्रॉँ-मेर्’मध्ये मुका आहे. पण आजी-आजोबांचा भाऊ या अर्थाच्या शब्दात पुढे स्वर असल्यामुळे तो बोलतो, आणि तोही द् म्हणून नव्हे तर त् म्हणून : ‘ग्रॉँ-तोँक्ल्’. फ्रेंचमध्ये अशा जोडणीत डीचा त् आणि एसचा झ् होतो, हे लक्षात ठेवले की बरीचशी कोडी सुटतात. हा झ् आपल्या ‘झोप’मधल्या झच्या जवळचा आहे, फक्त त्यात हवेचा फुत्कार नको.

दुसरे काम : मूक ईचा निकाल लावणे

मूक ई म्हणजे लिहिण्यात असलेले, पण बोलताना पुष्कळदा गळणारे ई (e) हे रोमन अक्षर. या भागावर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण अवयवांची संख्या इथेच बदलते. मराठी माणसाला ही गोष्ट नवी नाही. ‘नागपूर’ हा शब्द लिपीत चार अक्षरांचा आहे, पण आपण तो ‘नाग्-पूर्’ असा दोनच अवयवांत म्हणतो. गमधला अ आणि शेवटच्या रमधला अ लिहिण्यात आहेत, बोलण्यात नाहीत. अभंगाची किंवा अक्षरछंदाची अक्षरे मोजताना मात्र आपण हेच अ पूर्ण धरतो. फ्रेंचमध्येही हुबेहूब असे आहे. बोलताना गळणारी मूक ई बारा अवयवांच्या अलेक्झांड्रिन वृत्तात ओळीच्या आत व्यंजनापूर्वी आली तर एक अवयव म्हणून मोजली जाते. म्हणून फ्रेंच शब्दाचे अवयव किती, या प्रश्नाला लिखित आणि उच्चारी अशी दोन उत्तरे असू शकतात, आणि प्रश्नपत्रिकेत यांतले कोणते विचारले आहे हे आधी नीट वाचून घ्यावे.

उच्चारासाठी पहिला विचार असा करावा की मूक ईच्या आधी किती व्यंजने ऐकू येतात. एकच येत असेल तर ई निःसंकोच गाळावी. गगनचुंबी इमारतीचा शब्द ‘ग्रात्-स्येल्’ असा दोन अवयवांचा होतो, बूच काढण्याच्या साधनाचा ‘तीर्-बू-शोँ’ असा तीन अवयवांचा, आणि हॅम-चीजच्या भाजलेल्या सँडविचचा ‘क्रॉक्-म-स्य’. शेवटच्या शब्दातला म मात्र पाय न मोडता म्हणावा लागतो. तिथला अ हा लिहिलेल्या ओमधून आला आहे. तो मूक ई नव्हे, आणि म्हणून त्याला हात लावायचा नाही.

मूक ईच्या आधी दोन व्यंजने असली की ती गळाल्यावर तीन व्यंजने एका ठिकाणी गोळा होतात, आणि फ्रेंच कानाला हा जमाव सहसा रुचत नाही. मोरिस ग्रामाँ या फ्रेंच ध्वनिशास्त्रज्ञाने मांडलेला ‘तीन व्यंजनांचा नियम’ तो हाच. बटाट्यासाठीचा तीन पदांचा शब्द आणि लोहमार्गासाठीचा तीन पदांचा शब्द शेजारी ठेवले की तो डोळ्यांसमोर येतो. ‘पॉम्-द-तेर्’मध्ये मधल्या दच्या आधी म् हे व्यंजन आहे, दचा स्वर गाळला तर म्, द्, त् एकमेकांवर आदळतील, म्हणून तो राखला जातो. ‘श-मॅँद्-फेर्’मध्ये दच्या आधी नासिक्य स्वर आहे, गर्दी होत नाही, म्हणून स्वर गळतो आणि उरलेला द् मागच्या अवयवाला चिकटतो. दोन्ही शब्दांत मधले पद तेच, लिहिणेही तेच, तरी अवयवांची मांडणी वेगळी.

सामासिक नामांत मात्र या नियमाला एक वळसा आहे आणि तो पुष्कळदा शिकवायचा राहून जातो. क्रियापदापासून तयार झालेल्या ‘पॉर्त्’ किंवा ‘गार्द्’ या पूर्वपदांच्या शेवटी आधीच दोन व्यंजने आहेत, म्हणून मूक ई राहायलाच हवी असे वाटते. प्रत्यक्षात निकाल उत्तरपदाच्या लांबीवर लागतो. उत्तरपद एकाच अवयवाचे असेल तर ई टिकते, दोन किंवा अधिक अवयवांचे असेल तर ती बहुधा गळते. किल्ल्यांच्या जुडग्याचे कडे ‘पॉर्-त-क्ले’ असे म्हटले जाते आणि सुट्या पैशांचे पाकीट ‘पॉर्त्-मॉ-ने’ असे. कठडा ‘गार्-द-फू’, तर रुग्णाजवळ बसणारा सेवक ‘गार्द्-मा-लाद्’. चारही शब्द मोजून पाहा, प्रत्येक तीनच अवयवांचा निघतो. फ्रेंचमध्ये जोर गटाच्या शेवटच्या अवयवावर पडतो. त्या अवयवाच्या लगेच आधी व्यंजनांचा गुंता नको असतो, आणि उत्तरपद तोकडे असले की मूक ई ती मधली जागा भरून काढते. उत्तरपद लांब असले की तिची गरज उरत नाही.

हा निकाल पॅरिसकडच्या प्रमाण उच्चाराचा आहे. मार्सेय किंवा तुलूझकडचा माणूस यांपैकी बऱ्याच ई ठसठशीत उच्चारतो आणि तो चुकत नाही, तो त्याच्या प्रांताचे फ्रेंच बोलतो. शब्दकोशात उच्चार पाहताना उलटी काढलेली ई कंसात दिसली तर ती गाळली तरी चालते, आणि कंसाबाहेर दिसली तर ती म्हणावी, असे समजावे.

तिसरे काम : अवयव पाडणे

शेपटे आणि मूक ई यांचा निकाल लागल्यावर अवयव पाडणे जवळजवळ यांत्रिक आहे. दोन स्वरांच्या मधले एकटे व्यंजन नेहमी पुढच्या स्वराकडे जाते, मग मध्ये आडवी रेघ असो, रिकामी जागा असो वा काहीही नसो. दोघांतल्या खासगी भेटीचा शब्द ‘ते-ता-तेत्’, समोरासमोर या अर्थाचा ‘वी-झा-वी’, जेवणाची खोली ‘सा-ला-मॉँ-झे’. दोन व्यंजने आली की एक मागे आणि एक पुढे जाते. पण दुसरे व्यंजन र् असून पहिले प्, ब्, त्, द्, क्, ग्, फ्, व् यांपैकी असेल, किंवा दुसरे ल् असून पहिले प्, ब्, क्, ग्, फ् यांपैकी असेल, तर जोडी फोडायची नाही, ती अखंड पुढे जाते.

ही शेवटची अट मराठी जिभेला जड जाते. आपण ‘चक्र’ म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात ‘चक्-क्र’ म्हणतो. जोडाक्षराच्या आधीच्या अक्षरावर आघात येतो आणि वृत्तात ते अक्षर गुरू धरले जाते. त्याच सवयीने दुपारनंतरच्या वेळेसाठीचा फ्रेंच शब्द ‘आप्-प्रे-मी-दी’ असा निघतो, जो फ्रेंच कानाला लगेच परका वाटतो. योग्य उच्चार ‘आ-प्रे-मी-दी’ असा आहे : आ मोकळा आणि हलका, त्यानंतर प्र एका झटक्यात. यासाठी आ म्हणून क्षणभर थांबावे, ओठ उघडेच आहेत याची खात्री करावी आणि मगच ‘प्रे’ म्हणावे. थांबताना ओठ मिटलेले आढळले तर प् आधीच्या अवयवात घुसला आहे, असे समजावे. हा सराव संथ गतीने सुरू करून हळूहळू थांबा कमी करत नेला की द्वित्त सुटते.

मगाचच्या ‘शेफ्-ल्य’ या शब्दाविषयी इथे शंका येणे साहजिक आहे, कारण फ् आणि ल् ही न फुटणारी जोडी असूनही तिथे ती फोडली आहे. कारण असे की त्या ल्ला पुढे यची श्रुती, म्हणजे ओझरता य्, चिकटलेली आहे, आणि व्यंजन, मग ल् किंवा र्, मग य् असा तिहेरी आरंभ फ्रेंच एकाच अवयवात चालवून घेत नाही. म्हणून फ् मागे राहतो.

अनेकवचन

लिहिताना अनेकवचनाचा एस कुठे लावायचा हा स्वतंत्र आणि कटकटीचा विषय आहे. उच्चारापुरते दोन गट केले की भागते. नाम, मग शब्दयोगी पद, मग पुन्हा नाम अशी रचना असेल तर पहिल्या नामाला लागलेला एस फक्त कागदावर असतो. एक इंद्रधनुष्य असो वा अनेक, ऐकू येते ते ‘आर्-कॉँ-स्येल्’च. रेशमाच्या किड्याला, म्हणजे ज्याच्या एका भाऊबंदापासून भंडाऱ्याकडचे टसर निघते त्याला, फ्रेंचमध्ये ‘वे-रा-स्वा’ म्हणतात, आणि किडे अनेक झाले तरी र्नंतरचा एस मध्ये येऊन ‘वेर्-झा-स्वा’ होत नाही. अनेक सामासिक नामांत विद्यार्थी इथे अतिउत्साहाने जोडणी करतात. ती करू नये.

विशेषण आधी असेल तर मात्र एस बोलतो. नातवंडांसाठीचा शब्द ‘प-ती-झॉँ-फॉँ’ असा होतो, आणि आजोबांचे अनेक भाऊ ‘ग्रॉँ-झोँक्ल्’. एकवचनात त् होता तिथे आता झ् आला. सर्वांत गमतीचे शब्द ते, ज्यांत दोन पदे इतकी एकजीव झाली आहेत की रेघही उरलेली नाही, तरी अनेकवचनात शब्दाच्या पोटात बदल होतो. भला माणूस ‘बॉ-नॉम्’, आणि अनेक भले माणूस ‘बोँ-झॉम्’. एकवचनात न् हे पूर्ण व्यंजन आहे आणि आधीचा स्वर शुद्ध आहे, तर अनेकवचनात न् विरघळून स्वर नासिक्य झाला आहे. सरदार या अर्थाचा ‘झॉँ-ती-यॉम्’ हा शब्द असाच ‘झॉँ-ती-झॉम्’ होतो. साधा ‘म-स्य’ अनेकवचनात ‘मे-स्य’ होतो, हे तर पहिल्याच धड्यात येते, पण तेही मुळात सामासिक नाम आहे याकडे सहसा लक्ष जात नाही.

नाक आणि जोर

मराठीतला अनुस्वार पुढच्या व्यंजनाप्रमाणे रंग बदलतो. ‘संत्रा’ म्हणताना आपण ‘सन्त्रा’ म्हणतो, म्हणजे जिभेचे टोक दातांना टेकते. फ्रेंच नासिक्य स्वरात जीभ कुठेही टेकत नाही. भेटीच्या ठरलेल्या वेळेचा शब्द ‘रॉँ-दे-वू’ म्हणताना पहिल्या अवयवावर मुद्दाम रेंगाळावे आणि जीभ खालीच सैल आहे ना हे पाहावे. ती वर गेली तर ‘रान्-दे-वू’ झाले, आणि अवयवाच्या शेवटी नसलेले व्यंजन आले. सामासिक शब्दांत पहिल्या पदाच्या शेवटी नासिक्य स्वर वारंवार येतो, म्हणून ही चूक इथे जास्त उघडी पडते. जोराविषयी एवढेच की तो शब्दाच्या अगदी शेवटच्या अवयवावर, आणि तोही आवाज चढवून नव्हे तर तो अवयव किंचित लांबवून द्यावा. प्रत्येक पदाला वेगळा जोर दिला की समास पुन्हा सुटा होतो.

इंग्रजीमार्गे आलेले शब्द

काही फ्रेंच सामासिक नामे इंग्रजीचा वेष घालून आपल्याकडे आधीच वावरत आहेत, आणि त्यांच्यावर हात साफ करणे सोयीचे जाते. राज्यपालांच्या मागे उभा असणारा गणवेशातला अधिकारी, ज्याला आपण एडीसी म्हणतो, त्याचे पूर्ण पदनाम फ्रेंच उच्चारात ‘एद्-द-कॉँ’ असे आहे. त्यात दोन द लागोपाठ येतात आणि दोन्ही ऐकू यायला हवेत, शेवटचा पी मात्र मुका. नव्या लेआउटमधल्या, दुसऱ्या टोकाला बंद असलेल्या रस्त्याला बिल्डर ज्या नावाने विकतात तो शब्द ‘क्यूद्-साक्’ असा दोनच अवयवांचा आहे आणि त्यातला एल मुका आहे. मोठ्या हॉटेलांच्या मेन्यूत जेवणाआधीच्या खाण्यासाठी येणारा शब्द ‘ऑर्-दव्र्’. त्याच्या आरंभीचा एच ऐकू येत नाही, पण तो जोडणी अडवतो, म्हणून अनेकवचनी उपपदासह तो ‘दे ऑर्-दव्र्’ असाच म्हणावा, ‘दे-झॉर्-दव्र्’ नव्हे. ध्वनिवर्धकाचा ‘ओ-पार्-लर्’ हाही त्याच जातीचा.

ओळीच्या शेवटी शब्द तोडताना

आतापर्यंतचे सगळे कानाचे नियम कागदावर ओळ तोडताना बाजूला ठेवावे लागतात. तिथे सामासिक नाम आडव्या रेघेपाशीच तोडावे, आणि ओळीच्या शेवटी दुसरी रेघ वाढवू नये. लोपचिन्हानंतर, म्हणजे गळलेल्या स्वराच्या जागी येणाऱ्या अपॉस्ट्रॉफीनंतर, कधीही तोडू नये. म्हणजे ‘शे-दव्र्’ हा शब्द पहिल्या पदाच्या एफनंतरच्या रेघेपाशी तुटेल, त्याच्या पुढच्या डीनंतर नाही, जरी उच्चारात त्या रेघेचा आणि त्या एफचा मागमूस नसला तरी. रेघ नसलेल्या शब्दात जोड व्यंजन मधोमध तुटते, दोन स्वरांच्या मध्ये तोडत नाहीत, आणि मूक ई असलेला तुकडा लिखित अवयव म्हणून मोजला जातो.

1990 मध्ये सुचवलेल्या आणि 6 डिसेंबर 1990 रोजी फ्रान्सच्या राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या शुद्धलेखन-सुधारणांनी यातल्या काही शब्दांमधली रेघ काढून टाकली. पैशांचे पाकीट, बूच काढण्याचे साधन आणि ते हॅम-चीजचे सँडविच हे तिन्ही शब्द आता जोडूनही लिहिता येतात. जुने रूपही मान्य असल्याने दोन पुस्तकांत दोन रूपे दिसणे स्वाभाविक आहे. उच्चार आणि उच्चारी अवयव यांत त्यामुळे काहीही फरक पडत नाही. मात्र जोडून लिहिल्यावर ओळ तोडायला रेघेचा आधार उरत नाही, आणि तिथे लिखित अवयवांचे साधे नियम लागू होतात : पैशांच्या पाकिटाचा शब्द मूक ईनंतर किंवा दोन एनच्या मधोमध तोडता येतो.